तिरुवनंतपुरमच्या महापौर आणि बिननावी शेरेबाजी : एक प्रकरण अभ्यास

28 डिसेंबर 2020 ला आर्या राजेंद्रन यांनी तिरुवनंतपुरमच्या महापौरपदाची शपथ घेतली. वय 21. ऑल सेंट्स कॉलेजात बीएस्सी गणिताचा अभ्यास अजून चालू, वडील इलेक्ट्रिशियन, आई एलआयसीची एजंट. मुडवनमुगल वॉर्डातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर त्या पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. 'देशातली सर्वांत तरुण महापौर' म्हणून त्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. कमल हासन यांनी अभिनंदन केले. त्याच भागात घर असलेल्या मोहनलाल यांनी फोन केला. विमानतळावरून केरळ सरकारशी ज्यांचा कोर्टात वाद चालला होता त्या गौतम अदानी यांनीसुद्धा कौतुकाचे ट्वीट केले. आणि त्याच फोटोंखाली दुसरी रांगही लागली. कोणी वयावर, कोणी आवाजावर, कोणी अंगकाठीवर आणि कोणी हिचे लग्न कधी यावर. लिहिणाऱ्यांची नावे नव्हती. फोटोच्या जागी फूल, सिनेनट किंवा एखादा देव.

हे प्रकरण निवडण्याचे कारण त्या शिव्यांची संख्या हे नाही. तेवढ्या शिव्या आता कुठल्याही बाईला मिळतात. पाच वर्षांचा हा कारभार ओळीने पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: बिननावी टोळक्याच्या तोंडी असलेले शब्द बहुतेक वेळा आधी कुणीतरी नावानिशी, माइकसमोर, पदावर बसून उच्चारलेले होते. आणि त्या चिखलफेकीत महापौरांना विचारायला हवे होते ते खरे प्रश्नही बुडाले.

आधी नेमणूक कशी झाली ते पाहू, कारण 'पोरीला उचलून खुर्चीत बसवले' ही पहिली शेरेबाजी तिथूनच सुरू झाली. त्या वेळी तिरुवनंतपुरमचे महापौरपद महिलेसाठी राखीव होते. शंभर वॉर्डांच्या महापालिकेत डाव्या आघाडीला बहुमत मिळाले, भाजप दुसरा आला. पण महापौरपदासाठी डाव्यांकडून ज्या अनुभवी बायकांची नावे घेतली जात होती त्यांतल्या दोघी स्वतःच्याच वॉर्डात हरल्या. मावळते महापौरही हरले. मग पक्षाने निवडून आलेल्यांमधून नाव काढले. राजेंद्रन तेव्हा बालसंघम या पक्षाशी संलग्न मुलांच्या संघटनेच्या राज्याध्यक्ष होत्या, एसएफआय या डाव्या विद्यार्थी संघटनेत काम करत होत्या. बालसंघमची राज्याध्यक्ष म्हणजे केरळच्या डाव्या राजकारणात बऱ्यापैकी तालीम झालेली कार्यकर्ती. पक्षाने धोरण म्हणून तरुण चेहरा पुढे केला हे खरे, त्यात प्रसिद्धीचा हिशेब होता हेही खरे. त्यावर टीका करायला कुणाचीच हरकत नसावी.

वयाचे म्हणाल तर तो प्रश्न संविधानाने निकालात काढलेला आहे. विधानसभेला 25 वर्षे लागतात, पालिकेला 21. अनुच्छेद 243 व्ही तसे सरळ सांगतो. महाराष्ट्राला तर यात काही नवल वाटू नये. संजीव नाईक 1995 मध्ये नवी मुंबईचे महापौर झाले तेव्हा 23 वर्षांचे होते, देवेंद्र फडणवीस 1997 मध्ये नागपूरचे महापौर झाले तेव्हा 27 वर्षांचे. दोघांचीही ओळख करून देताना ही वये आजवर भूषण म्हणूनच सांगितली जातात. तेव्हा फेसबुक नव्हते, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून तिरुवनंतपुरमच्याच खुर्चीकडे पाहू. 2015 मध्ये व्ही. के. प्रशांत त्याच पक्षाचे, त्याच शहराचे महापौर झाले, वय 34, त्या शहराच्या मानाने तरुणच. फेसबुक तेव्हा जोरात होते. 2019 च्या पुरात त्यांनी मलबारकडे, म्हणजे उत्तर केरळकडे, मदतीचे ट्रकच्या ट्रक धाडले तेव्हा समाजमाध्यमांनी त्यांना 'मेयर ब्रो' असे लाडाचे नाव दिले. त्या नावावर स्वार होऊन ते त्याच ऑक्टोबरात वट्टियूरकावूची पोटनिवडणूक जिंकून आमदार झाले. त्यांच्यानंतर थोड्याच काळात तिथे बसलेल्या बाईला मिळालेले नाव 'मेयर कुट्टी', महापौर पोर. तेच शहर, तोच पक्ष, तेच फोनवरचे ॲप.

आणखी एक महत्त्वाचा संदर्भ आहे, जो केरळबाहेर फारसा लक्षात घेतला जात नाही. शपथविधीच्या जेमतेम महिनाभर आधी केरळ सरकारने नेमक्या याच विषयावर कायदा करायला घेतला होता आणि तोंडघशी पडले होते.

सप्टेंबर 2020 मध्ये एका यूट्यूबरने बायकांविषयी गलिच्छ व्हिडिओ टाकले. पोलिसांत तक्रारी होऊनही काही हलेना, तेव्हा डबिंग कलाकार भाग्यलक्ष्मी आणि आणखी दोघी जणी थेट त्याच्या खोलीवर गेल्या, त्याला चोप दिला आणि त्याचे चित्रीकरणही केले. गुन्हा त्यांच्यावरही नोंदला गेला. लोकमत तापले. सरकारने नोव्हेंबरात अध्यादेश काढून केरळ पोलीस कायद्यात कलम 118 ए घातले: कोणत्याही माध्यमातून कुणाची बदनामी वा अपमान करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निमित्त बायकांचे, पण शब्द इतके सैल की एखाद्या मंत्र्यावरचे व्यंगचित्रही त्यात बसावे. पत्रकार, वकील, विरोधक आणि खुद्द डावे समर्थकही तुटून पडले. काही दिवसांतच मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी अंमलबजावणी होणार नाही असे जाहीर केले, पुढे अध्यादेश रद्दही झाला.

या कलमाची नाळ आपल्या पालघरपर्यंत येते. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या एका तरुणीला आणि ती पोस्ट 'लाइक' करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या अटकेने व्यथित होऊन कायद्याच्या विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 24 मार्च 2015 च्या निकालात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारे कलम 66 ए रद्द झाले आणि त्याच निकालात केरळ पोलीस कायद्याचे 118 (ड) हे कलमही गेले. केरळने 2020 मध्ये जे आणू पाहिले ते बरेचसे त्या गेलेल्या कलमाच्याच वळणाचे होते. सैल कायदा बाईला वाचवायला म्हणून येतो आणि पहिला हात फेसबुकवर लिहिणाऱ्या पोरीवर टाकतो, हे आपण पालघरला पाहिले आहे. त्यामुळे 118 ए मागे घेतले हे मला योग्यच वाटते. पण परिणाम असा की आर्या राजेंद्रन खुर्चीत बसल्या तेव्हा सरकारचे हात नुकतेच पोळलेले होते, आणि नवा उपाय शोधण्याची हिंमत कुणात उरली नव्हती.

आता कारभार. अट्टुकाल देवीचा पोंगाला उत्सव 2021 मध्ये कोविडमुळे घराघरांतच झाला. एरवी लाखो बायका शहरभर रस्त्यांवर चुली मांडतात. त्या वर्षी रस्ते रिकामे. तरीही महापालिकेने कचरा उचलायला 21 टिपर भाड्याने घेतल्याचा हिशेब बाहेर आला. विचारायलाच हवा असा प्रश्न. त्याच वर्षी विभागीय कार्यालयांत लोकांनी भरलेले घरपट्टीचे पैसे कर्मचाऱ्यांनीच लाटल्याचे उघड झाले, निलंबने झाली. हाही प्रश्न पालिकेच्या मुळाशी जाणारा. सभागृहात विरोधक आक्रमक झाले तर त्यात गैर काही नाही. पण त्या भांडणातून लोकांच्या लक्षात काय राहिले? महापौरांना उद्देशून आलेला 'एकेजी सेंटरमधली एलकेजीची पोर' हा टोमणा. एकेजी सेंटर म्हणजे पक्षाचे मुख्यालय. यमक जुळले, टोमणा तासाभरात मीम झाला. राजेंद्रन यांनी सभागृहातच आवाज चढवून उत्तर दिले, या वयात महापौर झाले आहे तर काम कसे करायचे तेही मला ठाऊक आहे, या आशयाचे. त्या उत्तराचीही चित्रफीत फिरली, अर्ध्या लोकांत कौतुकाने, अर्ध्यांत उर्मटपणाचा पुरावा म्हणून. टिपरांचा हिशेब मात्र मागे पडला.

ऑक्टोबर 2021 चा प्रसंग जास्त बोलका आहे. घरपट्टी घोटाळ्यावरच्या आंदोलनात काँग्रेसचे तेव्हाचे खासदार के. मुरलीधरन म्हणाले की महापौर दिसायला सुंदर असतील, पण तोंडातून येते ते कोडुंगल्लूरच्या भरणीगीतांपेक्षा भयंकर. भरणीची गाणी म्हणजे कोडुंगल्लूरच्या देवीच्या उत्सवात म्हणायची अश्लील गाणी. आपल्याकडे शिमग्याला जे चालते तसे. म्हणजे एका दमात रूप काढले आणि जीभही काढली. राजेंद्रन यांनी पोलिसांत तक्रार केली. मुरलीधरन यांनी कुणाला वाईट वाटले असेल तर खेद आहे अशा धाटणीची दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण शमले. शमले ते वर्तमानपत्रांत. कारण असे विधान एकदा बड्या नेत्याने केले की बिननावी खात्यांना परवाना मिळतो. खासदार सौम्य शब्दांत बोलला ते खालचे लोक सोप्या शब्दांत बोलतात, एवढाच फरक. बिननावी माणसाला आपण एकटे नाही, आपल्यामागे एक पूर्ण बाजू आहे असे वाटणे हे त्या धीटपणाचे खरे इंधन आहे. केवळ नाव लपल्याने एवढी हिंमत येत नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये महापौरांच्या लेटरहेडवरचे एक पत्र फुटले. पक्षाच्या जिल्हा सचिवांना उद्देशून: आरोग्य विभागात 295 हंगामी जागा भरायच्या आहेत, पक्षाकडून यादी द्यावी. माझ्या मते पाच वर्षांतला सर्वांत गंभीर आरोप हाच. हंगामी नोकऱ्या पक्षाच्या यादीने वाटल्या जात असतील तर त्यात भरडला जातो तो बेकार तरुण. राजेंद्रन यांनी पत्र आपले नाही, बनावट आहे असे सांगितले. चौकशी गुन्हे शाखेकडे गेली. विरोधकांनी महापालिकेसमोर आठवड्यांमागून आठवडे आंदोलन केले, पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर झाला. आणि या इतक्या सबळ मुद्द्यावर काँग्रेसच्या महिला आघाडीने काय आणले? एक सूटकेस. त्यावर लिहिलेले: चोरलेले पैसे घेऊन मेयर कुट्टीने कोझिकोडला चालते व्हावे. कोझिकोड, कारण दोनच महिन्यांपूर्वी त्यांचे लग्न तिकडच्या बालुश्शेरीचे आमदार सचिन देव यांच्याशी झाले होते. सूटकेस धरणाऱ्या जेबी मेथर स्वतः खासदार. राजकारणात मुरलेली एक बाई दुसरीला सासरी जा म्हणते! राजधानीच्या महापौराचे घर नवऱ्याच्या गावी असते, हे तिला कुणी बिननावी खात्याने शिकवले नव्हते. उलट खात्यांनी ते तिच्याकडून उचलले. यादीचा प्रश्न बाजूला पडला आणि चर्चा सूटकेसवर गेली. डाव्यांना हे सोयीचेच झाले. बाईचा अपमान झाला म्हणता आले की पत्राबद्दल कमी बोलावे लागते.

इथे एक कटू गोष्ट नोंदवायला हवी. केरळातल्या डाव्यांची स्वतःची 'सायबर फौज' कमी नाही. मार्क्सवादी पक्ष सोडून वेगळा पक्ष काढणारे नेते टी. पी. चंद्रशेखरन यांचा 2012 मध्ये खून झाला. त्यांच्या पत्नी के. के. रेमा पुढे वडकराहून आमदार झाल्या. डाव्या समर्थकांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षे ऑनलाइन जे ओकले ते कुठल्याही टोळक्याला लाजवेल असे. जुलै 2022 मध्ये मार्क्सवादी नेते एम. एम. मणी विधानसभेतच म्हणाले की त्या विधवा झाल्या ते त्यांचे नशीब. अध्यक्षांनी ते अयोग्य ठरवल्यावर शब्द मागे घेतले. साखळी तीच: वर सभागृह, खाली बिननावी जमाव. आर्या राजेंद्रन यांच्यासाठी कळवळणारे किती जण रेमांच्या वेळी बोलले आणि रेमांच्या बाजूने उभे राहिलेले किती जण सूटकेसच्या वेळी गप्प होते, याचा हिशेब मल्याळी वाचकांनी मांडायचा. आपल्याकडचा आपण मांडावा.

सप्टेंबर 2023 मध्ये महिन्याभराचे बाळ कडेवर घेऊन कार्यालयात फाइल पाहतानाचा त्यांचा फोटो आला. निम्म्यांनी आदर्श माता म्हटले, निम्म्यांनी नाटक. दोन्ही बाजूंनी आईपणच मोजले. बाळंतपणाच्या रजेची तरतूद निवडून आलेल्या बाईसाठी काय आहे, हा साधा प्रश्न फार थोड्यांना सुचला.

एप्रिल 2024 च्या अखेरीस बसचे प्रकरण झाले. रात्रीच्या वेळी महापौर कुटुंबासह खासगी मोटारीत होत्या. केरळ एसटीच्या बसचालकाने बेदरकार गाडी चालवली आणि अश्लील हातवारे केले असा त्यांचा आरोप. पाळयमला सिग्नलपाशी त्यांची मोटार बसच्या आडवी लागली, वाद झाला, चालकावर गुन्हा दाखल झाला. चालकाने उलट तक्रार केली, कोर्टाच्या आदेशाने महापौर आणि त्यांच्या आमदार पतींवरही गुन्हा नोंदला गेला. बसमधल्या कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड गायब. रस्त्यावर बस अडवणे महापौराला शोभते का, हा रास्त प्रश्न. सत्तेतल्या माणसाने हंगामी चालकाला असे वागवावे का, हाही रास्त. पण ज्या बाईने अश्लील हातवाऱ्याची तक्रार केली तिच्या फोनवर त्यानंतर जे आले ते सगळे अश्लीलच होते. तिची तक्रार खोटी आहे हे सिद्ध करायला लोकांनी तोच गुन्हा घाऊक प्रमाणात केला.

त्या वेळच्या सायबर हल्ल्याबद्दल त्यांनी तक्रार केली आणि एक अटक झाली. अटक झालेला माणूस त्यांच्या अधिकृत व्हॉट्सॲप क्रमांकावर अश्लील संदेश पाठवणारा. सापडला, कारण व्हॉट्सॲपला मोबाइल नंबर जोडलेला असतो. जो स्वतःच्या नंबरावरून शिवी देतो तो पोलिसांना चटकन सापडतो. जो तीन ईमेल आणि खोट्या जन्मतारखेमागे बसून रोज चाळीस पोस्टी टाकतो त्याच्यासाठी परदेशी कंपनीला पत्र धाडावे लागते, उत्तर येईपर्यंत खाते बंद झालेले असते. व्यवस्था ज्यांना पकडते ते या धंद्यातले कच्चे गडी.

हे एकट्या केरळचे नाही. 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टीने 95 भारतीय महिला राजकारण्यांना उद्देशून आलेली ट्वीट तपासली. सातातले एक आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचे निघाले. पण त्या यादीतल्या बायका मोठ्या पातळीवरच्या राजकारणातल्या. महापौर, नगरसेविका, सरपंच यांचे वेगळे असते. शिवी देणारा तिच्याच वॉर्डात राहतो, तिच्या मुलाच्या शाळेच्या दारात उभा असतो, नळाला पाणी आले नाही म्हणून तिलाच फोन करतो. खासदाराला बिननावी माणूस म्हणजे दूरचा कुणीतरी. नगरसेविकेला तो शेजारच्या गल्लीतला कुणीही असू शकतो, आणि उद्यापासून प्रत्येक नमस्काराकडे ती त्याच नजरेने पाहू लागते.

डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत राजेंद्रन उमेदवार नव्हत्या. तिरुवनंतपुरम डाव्यांच्या हातून गेले, भाजपचे व्ही. व्ही. राजेश महापौर झाले. निकालानंतर पक्षातल्याच एका माजी सहकारी नगरसेविकेने फेसबुकवर, स्वतःच्या नावाने, त्यांच्या वागण्यातल्या अहंकारावर बोट ठेवले. पराभवात घोटाळ्यांचा वाटा किती, पत्राचा किती, स्वभावाचा किती आणि पाच वर्षांच्या बदनामीचा किती हे आता कुणालाच वेगळे काढता येणार नाही. बिननावी मोहिमेने केलेले मोठे नुकसान मी यालाच म्हणतो. बाईचा कारभार चांगला होता की वाईट, हे नीट ठरवण्याची संधीच शहराने घालवली.

जानेवारी 2026 मध्ये महाराष्ट्रातल्या 29 महापालिकांच्या निवडणुका झाल्या. निम्म्या जागा महिलांच्या, त्यातल्या बऱ्याच जणी पहिल्यांदाच सभागृहात. आपल्याकडे महापौराची मुदत अडीच वर्षांची आणि प्रशासनाची खरी दोरी आयुक्तांच्या हाती. तिरुवनंतपुरममध्ये महापौराला पूर्ण पाच वर्षे आणि कारभारात बराच अधिकार. अधिकार कमी म्हणून शिव्या कमी, असा अनुभव मात्र नाही.

या बायकांपैकी कुणाला ही वेळ आली तर कामाच्या गोष्टी थोड्या आहेत. 66 ए गेले, पण अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची 67 आणि 67 ए ही कलमे शाबूत आहेत. भारतीय न्याय संहितेत लैंगिक शेऱ्यांसाठी 75, ऑनलाइन पाठलागासाठी 78, स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूने केलेल्या शब्द वा हावभावासाठी 79. नुसती टीका, कितीही झोंबणारी असली तरी, यात बसत नाही आणि बसवू नये. तक्रारीत दोन्ही मिसळले की पोलीस दोन्ही गोष्टी बाजूला सारतात. 2021 च्या नियमांनुसार नग्न किंवा छेडछाड केलेला फोटो तक्रारीनंतर 24 तासांत काढणे कंपनीला बंधनकारक केले गेले; फेब्रुवारी 2026 मध्ये ही मुदत दोन तासांवर आली. त्यासाठी एफआयआरची वाट पाहायची नसते. फोटो काढायला सांगण्याआधी पुरावा ठेवायचा. कडा कापलेला स्क्रीनशॉट कोर्टात लुळा पडतो: पूर्ण पान, खात्याचा पत्ता, तारीख-वेळ दिसायला हवी, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते. ज्या फोनवर मजकूर पाहिला तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, किंवा कुठल्याही ठाण्यात. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तर शून्य क्रमांकाची एफआयआर मागता येते.

आणि पदाचे अधिकृत खाते स्वतःच्या फोनवर ठेवू नये. ते कार्यालयातल्या दोघांनी चालवावे, पाण्याच्या तक्रारी एकाने काढाव्यात, गलिच्छ मजकूर दुसऱ्याने तारखेनिशी जपून ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा पक्षाच्या गटनेत्यासमोर ठेवावा. त्यात स्वपक्षाच्या कार्यकर्त्यांची खाती निघाली तर ती यादी आधी द्यावी.